गर्दीबाईंचा आवाज

माझ्या सासूबाईंना त्यांच्या कामाच्या ठिकाणी सगळे गर्दीबाई म्हणत. परदेशी मालिका आणि कार्टून आपल्या भाषेत आणायची म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येकाला इथल्या कुणाचा तरी आवाज द्यावा लागतो. ते काम त्या करायच्या. सुरुवातीला मोठी भूमिका कुणी देईना, म्हणून त्यांच्या वाट्याला आली ती गर्दी. पडद्यावर बाजार असला की भाव पाडून मागणारी बाई, तिच्याशी हुज्जत घालणारी दुसरी बाई, भोकाड पसरलेलं मूल, त्याला दटावणारी आजी आणि लांबून ओरडणारा विक्रेता, हे सगळं त्या एकट्या उभ्या राहून करायच्या. कधी माइकजवळ, कधी मागे सरकून, कधी भिंतीकडे तोंड करून. रेकॉर्डिंग करणाऱ्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काचेपलीकडून विचारलं म्हणे, "बाई, आत आहात तरी किती जणी?" तेव्हापासून त्या गर्दीबाई.

घरी हा प्रकार मी लग्नाआधीच अनुभवला होता. मी पहिल्यांदा या घरी फोन केला तेव्हा पलीकडून एका खडूस म्हाताऱ्याने "कोण हवंय? काय काम आहे? साहेब जेवतायत!" असं फर्मावलं. मी घाबरून फोन ठेवला. घरात साहेबही नव्हते आणि म्हातारेही नव्हते. त्याच होत्या.

पुढे त्यांना एक मोठी भूमिका मिळाली. एका गावात टपाल वाटणारी बदकीण होती, तिची. पिशवी गळ्यात अडकवून ती घरोघर जायची, पत्रं चुकीच्या दारात टाकायची आणि त्यातून भानगडी व्हायच्या. त्या काळात मुलांनी ती मालिका डोक्यावर घेतली होती. नंतर ते चॅनेल बंद पडलं, कंपनी विकली गेली आणि बदकीण कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. सासूबाईंनीही फारसं मनाला लावून घेतलं नाही. "आवाज दिला, पाकीट घेतलं, विषय संपला," एवढंच म्हणायच्या.

सासरे बस चालवायचे. त्यांना मी बाबा म्हणते. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली आणि एक दिवस त्यांनी स्वतःहून बस डेपोत लावून चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. मी या घरात आले तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. पण त्यांच्याकडे बघून कुणाला ते खरं वाटलं नसतं, कारण सासूबाई दिवसभर त्यांना जग ऐकवत असायच्या. गॅलरीत दोन खुर्च्या आणि यांचं सुरू. "समोरच्या बाईने आज पुन्हा तोच हिरवा टॉवेल वाळत टाकलाय. नवऱ्याला अंघोळीचं वावडं दिसतंय. थांबा, आला तो. नाही हो, अंघोळ केलेली दिसतेय, केस ओले आहेत." बाबा मान डोलवायचे आणि मधूनच एखादा प्रश्न टाकायचे. टीव्हीवरचा सिनेमाही दोघं असाच बघायचे. मला तर वाटतं, खरा सिनेमा इतका चांगला नसायचाच.

मग सासूबाईंचा घसा बसायला लागला. गुळण्या झाल्या, काढे झाले. एक नाही, दोन डॉक्टर झाले आणि तिसऱ्याने कॅमेरा घालून बघितलं. त्याने आम्हाला खुर्च्यांवर बसवलं तेव्हाच मला कळलं. स्वरयंत्र काढून टाकावं लागणार होतं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "म्हणजे सगळी गर्दी जाणार, की एखादी बाई उरेल?" डॉक्टरांना काही समजलं नाही. माझा नवरा उठून खिडकीपाशी गेला.

ऑपरेशनच्या आधी माझ्या नणंदेने परदेशातून फोन करकरून सांगितलं, "आई, तुझा आवाज रेकॉर्ड करून ठेव. काहीही बोल." सासूबाईंनी साफ नकार दिला. "मी काय स्टेशनवरची सूचना आहे?" म्हणाल्या. खरं तर त्यांना भीती वाटत असणार, पण त्यांनी ती भीती कुणाला दाखवली नाही.

ऑपरेशन चांगलं झालं आणि जीव वाचला. श्वास आता त्या मानेतल्या छोट्या भोकातून घेतात, त्यावर मऊ कापड असतं. चहा फुंकून पिता येत नाही, म्हणून कप बाजूला ठेवून निवायची वाट बघतात. हसल्या की खांदे हलतात, पण आवाज येत नाही. बोलण्यासाठी दवाखान्यातून एक यंत्र मिळालं. टॉर्चएवढं असेल. ते घशाला लावून बटण दाबायचं, यंत्र गुणगुणतं, आणि तोंडाने शब्द जुळवले की त्या गुणगुणण्याचे शब्द होतात. पण सगळे शब्द एकाच सुरात. रागही त्याच सुरात आणि लाडही त्याच सुरात. माझ्या मुलीने त्याला पहिल्याच दिवशी भुंगा म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

आम्हा बाकीच्यांचं निभावलं. आम्ही ओठ वाचायला शिकलो, त्या पाटीवर लिहायच्या, हातवारे करायच्या. हातवारे तर असे की भाजीवालाही हसून बेजार व्हायचा. पण बाबांना ओठ दिसत नव्हते आणि पाटीही दिसत नव्हती. त्यांच्यासाठी उरला तो भुंगा.

घरी आल्यावर सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या, यंत्र घशाला लावलं आणि म्हणाल्या, "अहो, मी आलेय." बाबा दचकले. मी तिथेच होते. त्यांनी हात पुढे केला, यंत्र चाचपलं आणि हात मागे घेतला. पुढे काही दिवस त्यांनी खूप प्रयत्न केला, हे मला मान्यच करायला हवं. पण एकदा माझ्या नवऱ्याशी बोलताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कुणीतरी परका माणूस तिच्या खुर्चीत येऊन बसल्यासारखं वाटतं रे. मी त्याच्याशी काय बोलू?" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

त्या दिवसापासून त्यांनी बाबांपुढे भुंगा काढायचं सोडलं. त्या त्यांच्या हातावर बोटाने थोपटायच्या. एक थाप म्हणजे जेवण, दोन म्हणजे औषध, तळहातावर गोल म्हणजे मी जरा बाहेर जाऊन येते. गॅलरीत दोन खुर्च्या तशाच होत्या. दोघं बसायचे, समोरची बाई टॉवेल वाळत टाकायची आणि आमच्या गॅलरीत सगळं चिडीचूप असायचं. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर ठणकणारे दात घेऊन आलेली माणसं बघते, पण घरी यायची वेळ झाली की उगाचच काउंटर आवरत बसायचे.

आवाज शोधायचा आम्ही प्रयत्न केला नाही असं नाही. सगळे फोन उपसले. जे सापडलं ते सगळं सोंग. नातवंडांना पाठवलेल्या निरोपांत कधी राक्षस, कधी शाळेच्या बाई, कधी ती बदकीण. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत कुठेतरी मागे "हो हो, आले" असं पुसटसं. सरळ, साधं, स्वतःच्या आवाजात त्या कुठेच बोललेल्या नव्हत्या. ज्या बाईने जन्मभर माइकसमोर उभं राहून काम केलं, तिचाच आवाज घरात नव्हता.

अशात एका रविवारी सकाळी नणंदेचा फोन आला. "वहिनी, आईला बोलाव आणि स्पीकर लाव. लवकर!" मी लावला. पलीकडून तिच्या जुळ्या पोरांचा गोंगाट आला आणि त्यातून एक चिरका आवाज, "पत्र आलंय हो, पत्र! कुणाचं ते विचारू नका!"

सासूबाईंच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. ती बदकीण होती.

झालं होतं असं. नणंद राहते त्या देशात आपली भाषा बोलणारी पुष्कळ माणसं जाऊन राहिली आहेत. तिथल्या एका व्हिडिओच्या सेवेने त्यांच्या पोरांसाठी म्हणून जुन्या कार्टूनांचा गठ्ठा विकत घेतला होता आणि त्यात बदकीण निघाली. माझ्या नवऱ्याने लगेच इथे तीच सेवा उघडली, नाव टाकलं आणि पडद्यावर आलं, हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही.

"असं कसं?" माझी मुलगी म्हणाली. "आजी तर आपल्या देशातच आहे."

सेवेच्या मदत विभागाला नवऱ्याने लिहिलं. लगेच उत्तर आलं, इतकं लगेच की ते माणसाने लिहिलेलं नाही हे उघड होतं. आपल्या आवडीबद्दल आभार, वगैरे. मग नणंदेने तिच्या टीव्हीसमोर फोन धरून बघितला. चित्र थरथरत होतं, आवाज पाण्यातून आल्यासारखा, त्यात तिच्या भांडी धुणाऱ्या मशीनची घरघर. सासूबाईंनी हाताने बंद कर म्हणून खूण केली. कामातलं कच्चं रेकॉर्डिंग त्यांना आधीही सहन व्हायचं नाही.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या एका सहकाऱ्याने त्याला व्हीपीएन टाकायला सांगितलं. नवऱ्याने जेवताना ते आम्हाला समजावून दिलं. आपला फोन थेट त्या सेवेकडे न जाता आधी दुसऱ्या देशातल्या एका कॉम्प्युटरकडे जातो आणि तिथून पुढे जातो. मग त्या सेवेला वाटतं, आपण त्याच देशातले.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे बस सुटते आपल्याच डेपोतून, पण पाटी लावायची दुसऱ्या गावची."

"अगदी तसंच," नवरा म्हणाला.

"मग तपासनीस चढला तर?"

सासूबाईंनाही तेच विचारायचं होतं. त्यांनी कधी स्टुडिओतली पेन्सिलसुद्धा घरी आणली नव्हती. त्यांनी पाटीवर लिहिलं, चोरी आहे का? नणंद तेव्हा फोनवर होतीच, मी तिला ते वाचून दाखवलं.

"चोरी कसली? खातं माझं आहे, पैसे मी भरते," नणंद फोनवरून म्हणाली.

नवरा मात्र प्रामाणिक आहे. "चोरी मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण त्यांच्या नियमात हे बसत नाही, आई. त्यांनी ती मालिका तेवढ्याच देशापुरती घेतली आहे. कळलं तर बंद करतील."

सासूबाईंनी तो विषय तिथेच सोडला. पुढचे काही दिवस त्या विचारात दिसायच्या. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर त्यांनी मला हाताला धरून बेडरूममध्ये नेलं, दार लावलं आणि भुंगा घशाला लावला. "आवाज माझा," त्या म्हणाल्या. "विकला, हे मान्य. पण मी ऐकायचाही नाही? लाव म्हणावं."

पहिलं व्हीपीएन फुकटातलं होतं आणि ते फुकटाच्याच लायकीचं निघालं. चित्र गोगलगायीसारखं सरकायचं. फोनवर कुठल्या तरी अगम्य भाषेत गाद्यांच्या जाहिराती यायला लागल्या. हवामान दाखवणारं ॲप बाहेर रणरणतं ऊन असताना बर्फाचा इशारा देत होतं. कळस म्हणजे नवऱ्याच्या बँकेला वाटलं की हा अचानक परदेशात गेला, म्हणून त्यांनी त्याचं खातंच गोठवलं. त्याला बँकेत जाऊन, काउंटरवर उभं राहून, मी इथेच आहे हे पटवून द्यावं लागलं. "समोर उभा होतो मी," तो सांगत होता, "तरी म्हणतात, सर, तुम्ही सध्या कुठे आहात?" त्या दिवशी बाबा बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले.

मग त्याने रीतसर पैसे भरून दुसरं घेतलं, ते लॅपटॉपवर टाकलं आणि लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडला. रविवारी दुपारी जेवणं उरकून आम्ही सगळे बसलो. बाबांची खुर्ची टीव्हीच्या जवळ ठेवली, सासूबाई त्यांच्या शेजारी. नवऱ्याने देश निवडला, हिरवा दिवा लागला, बदकिणीच्या चित्रावर टिचकी मारली. यावेळी नाही म्हणालं नाही. सुरू झालं.

आवाज स्वच्छ होता. बदकीण धापा टाकत टेकडी चढत होती आणि स्वतःशी बडबडत होती. माझी मुलगी खदखदून हसायला लागली. मी सासूबाईंकडे बघत होते. मला वाटलं होतं, त्या रडतील. त्या मान तिरकी करून, डोळे बारीक करून ऐकत होत्या आणि एका ठिकाणी त्यांनी नाक मुरडलं. पाटी ओढली आणि लिहिलं, इथे श्वास ऐकू आला. पुन्हा घ्यायला हवं होतं.

बाबाही ऐकत होते. हसायच्या ठिकाणी हसले. भाग संपला तेव्हा नवऱ्याने मोठ्या आशेने विचारलं, "काय बाबा? ऐकलात ना आईचा आवाज?"

"छान आहे," ते म्हणाले. "पण ही बदकीण आहे रे. ही काही ती नव्हे."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. उलट त्यांनी ते फार हळुवारपणे सांगितलं. पण सासूबाई उठल्या आणि कप गोळा करायला लागल्या. ज्यांतला चहा अजून संपला नव्हता, तेही कप उचलून घेऊन गेल्या.

तरी मालिका सुरू राहिली, कारण मुलीला नाद लागला होता. शाळेतून आली की एक भाग. बाबा सोबतीला बसायचे. सासूबाई आतबाहेर करत असायच्या.

एका दुपारी भाग मध्येच अडकला. हिरवा दिवा गेला आणि चित्र गोठलं. मी सुट्टीवर होते. मी व्हीपीएन बंद करून पुन्हा जोडलं. सेवेला कोण जाणे काय वाटलं, तिने तो भाग अगदी पहिल्यापासून सुरू केला. एरवी ती सुरुवातीचं सगळं आपणहून वगळून थेट गोष्टीवर जायची. आजकाल कुणाला थांबायला वेळ नसतो ना. यावेळी मात्र वगळलं नाही. आधी संगीत वाजलं, मग गावाचं चित्र आलं आणि एक बाई बोलायला लागली.

"तर मंडळी, मागच्या वेळी आपण कुठे होतो? सरपंचांचं पत्र गेलं होतं न्हाव्याकडे, न्हाव्याचं गेलं होतं शाळेत, आणि शाळेचं कुठे गेलं ते ठाऊक होतं फक्त... बदकिणीला."

चिरका नाही, घोगरा नाही, म्हातारा नाही. सरळ, साधा, थोडा हसरा आवाज. मी या घरात आल्यापासून रोज सकाळी ऐकलेला.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "अगं?" ते म्हणाले. टीव्हीकडे नाही, स्वयंपाकघराकडे तोंड करून. "अगं, तू बोललीस?"

सासूबाई दारात आल्या. ओले हात तसेच. तोवर तो आवाज संपला होता आणि बदकीण सुरू झाली होती. मी धावत जाऊन ते पुन्हा मागे नेलं. "तर मंडळी, मागच्या वेळी आपण कुठे होतो?" बाबांनी हात हवेत पुढे केला आणि सासूबाईंनी जाऊन तो धरला. त्या ओल्या हातानेच. मी पुन्हा लावलं. मग पुन्हा. माझी मुलगी म्हणाली, "पुढे जाऊ दे ना गं आई," आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला गप्प बस म्हणून ओरडले.

नंतर सासूबाईंनी पाटीवर लिहून सांगितलं. मागच्या भागाची आठवण करून द्यायला एक नामांकित निवेदक ठरला होता. पहिल्याच दिवशी तो आला नाही. दिग्दर्शक म्हणाला, गर्दीबाई, तात्पुरतं तुम्ही वाचून टाका, साधंच वाचा, आवाजबिवाज काढू नका, नंतर बदलू. ते बदलायचं राहून गेलं आणि पुढच्या भागांचंही त्याच वाचत गेल्या. त्यांच्याही डोक्यातून गेलं. भूमिका नव्हतीच ती, मोबदलाही वेगळा नव्हता, मग लक्षात कशाला ठेवायचं?

सेटिंगमध्ये शोधून नवऱ्याने ते आपोआप वगळणं बंद केलं. त्यानंतर आमच्याकडे मालिका उलटी बघितली जायला लागली. सुरुवातीचं निवेदन ऐकायचं आणि गोष्ट सुरू झाली की पुढचा भाग. नवऱ्याने ती सगळी निवेदनं बाबांच्या फोनवर रेकॉर्डही करून दिली. हेही नियमात बसत नसणारच, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. बाबा गॅलरीत बसून कानाला फोन लावून ऐकायचे. चेहऱ्यावर असं काही समाधान असायचं की आम्ही पाय न वाजवता चालायचो. सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघायच्या.

मला त्यांचं वाईट वाटायचं. नवरा हरखून गेला होता, नणंद तिकडे फोनवर रडून मोकळी झाली होती. पण ती बाई स्वतःच्याच आवाजाच्या बाजूला मुकी बसलेली मला दिसत होती. एकदा मी न राहवून विचारलं, "आई, त्रास होतो का?" त्यांनी खांदे उडवले. मग ओठांनी म्हणाल्या, "ती जास्त गोड बोलते."

पुढे बाबांचं ऐकणं कमी झालं. आधी आमच्या लक्षात आलं नाही. मग फोन दिवसेंदिवस टेबलावरच दिसायला लागला. एका सकाळी मी कामाला निघत होते, चप्पल घालता घालता मला गॅलरीतलं बोलणं ऐकू आलं.

"तो फोन नको," बाबा म्हणत होते. सासूबाईंनी बहुतेक त्यांच्या हातात दिला असावा. "तेच तेच बोलते ती. काल रात्री वर कसला आवाज होत होता, विचारलं तर सांगत नाही. तू सांग."

मी तिथेच थांबले, एक चप्पल पायात आणि एक हातात.

मग भुंगा गुणगुणला. "वरच्यांनी कपाट हलवलं. तिला ते खिडकीपाशी हवं होतं. त्याला... भिंतीला."

"थांब," बाबा म्हणाले. "पुन्हा बोल."

"काय पुन्हा?"

"तेच. कपाटाचं."

त्यांनी पुन्हा सांगितलं. त्या सपाट, यंत्राच्या सुरात, "त्याला..." आणि बटण सुटून आवाज तुटला, आणि मग "भिंतीला."

"अगं, तू अजून तिथेच थांबतेस," बाबा म्हणाले. "शेवटच्या शब्दाच्या आधी. फोनमधली थांबते ना, 'फक्त' म्हणून? तशीच. मी इतके दिवस सूर ऐकत बसलो. सूर गेला तो गेला. पण ही थांबण्याची खोड यंत्राची नाही, ती तुझी आहे."

मला दिसत नव्हतं, पण सासूबाईंच्या मानेवरच्या कापडातून येणारा श्वास मोठा झालेला मला दारापर्यंत ऐकू येत होता. मी दुसरी चप्पल जिन्यात जाऊन घातली. त्या दिवशी दवाखान्यात उशिरा पोचले आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर खरं कारण सांगता येईना.

त्यानंतर सगळं लगेच सुरळीत झालं असं म्हणणार नाही. बाबांना भुंग्याचे कित्येक शब्द कळायचे नाहीत. 'पोट' आणि 'बोट' सारखंच यायचं. पण आता ते विचारायचे. आणि सासूबाईंना काम मिळालं. बटण कुठे सोडायचं, कुठे धरून ठेवायचं, शब्द कसे सुटे करायचे, याचा त्या आरशासमोर सराव करायला लागल्या, एखादी नवी भूमिका बसवावी तसा. यंत्राला सूर थोडा वर-खाली करायची एक कळ होती, तीही त्यांनी वश करून घेतली. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्यांना तपासायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही तर यावर प्रश्नही विचारता! बहुतेकांना ते जमत नाही." बाबा लगेच म्हणाले, "प्रश्न विचारायला तिला यंत्र नसतं तरी चाललं असतं."

सेवेने एके दिवशी आम्हाला पकडलंच. पडद्यावर सूचना आली की आपण ठिकाण लपवणारं काहीतरी वापरत आहात, ते बंद करा. नवऱ्याने दुसरा कॉम्प्युटर निवडला, मग तिसरा. काही दिवस चाललं, मग तेही बंद पडलं. त्याला भलताच चेव आला होता, आणखी एक नवीन व्हीपीएन घेऊ म्हणत होता. सासूबाईंनी त्याला थांबवलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "तपासनीस चढलाय. उतरू... या." मुलीला तेवढं वाईट वाटलं. तिचे शेवटचे काही भाग राहिले होते. सुट्टीत आत्याकडे गेली तेव्हा तिने ते एका बैठकीत संपवले आणि परत येऊन आजीला सगळी गोष्ट सांगितली. गोष्ट अशी संपते हे आजीलाच आठवत नव्हतं.

परवाचीच गोष्ट. मी कामावरून आले तर जिन्यापर्यंत दोघांचं भांडण ऐकू येत होतं. विषय होता गॅलरीचं दार. बाबांना ते उघडं हवं होतं, सासूबाईंना बंद. बाबा आपल्या भारदस्त आवाजात जुन्या गोष्टी उकरत होते आणि भुंगा त्यांना पुरून उरत होता. "तुम्हाला सर्दी होते आणि निस्तरायची..." आणि पुढे काहीच नाही. मी आत जाऊन बघितलं. सासूबाई बटण दाबत होत्या, यंत्र हलवत होत्या, हातावर आपटत होत्या. ऐन रंगात बॅटरी संपली होती.

बाबांनी क्षणभर कानोसा घेतला. मग त्यांच्या लक्षात आलं. "संपली?" ते म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलून त्यांनी पाय पसरले. "मग दार उघडंच राहील."

सासूबाईंनी टेबलावरचं वर्तमानपत्र गुंडाळून त्यांच्या गुडघ्यावर हाणलं. खांदे गदागदा हलत होते. मग माझ्याकडे वळून ओठांनीच म्हणाल्या, "उद्या येताना बॅटऱ्या आण. दोन आण."